कोंबडी जखमी दिसली? औषधाआधी खुराड्यातले कोंबडे मोजा

*परसबाग कुक्कुटपालन सल्ला – जुन्नर व आंबेगाव तालुका सभासदांसाठी*



आजचा मेसेज नेहमीपेक्षा मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा. घरात कोंबड्यांचं बघणाऱ्या ताईंना, आजींना वाचून दाखवा. बहुतेक घरी खुराड्याचा कारभार आणि अंड्यांचे पैसे त्यांच्याच हातात असतात, त्यामुळे नुकसानही आधी त्यांचंच होतं.

आपल्या ग्रुपवर एक फोटो वारंवार येतो. कोंबडीची पाठ उघडी पडलेली, शेपटीच्या वरची पिसं गेलेली, मानेमागं टक्कल, कधी पंखाखाली फाटलेली कातडी. खाली प्रश्न ठरलेला: "सर, हा कोणता रोग? औषध सांगा."

बऱ्याचदा तो रोग नसतो. कोंबडा वारंवार चढल्यामुळं झालेली ती इजा असते. खुराड्यात गरजेपेक्षा जास्त कोंबडे असतील तर कितीही मलम लावा, जखम पुन्हा होणार. म्हणून आज कोंबड्यापासून कोंबडीला कसं वाचवायचं ते नीट समजून घेऊ.

*१) इजा होते कशी?*

कोंबडा कोंबडीच्या पाठीवर चढतो, तोल सांभाळायला चोचीनं तिच्या मानेची पिसं किंवा तुरा धरतो आणि दोन्ही पायांनी पाठ दाबतो. हे काही सेकंदांत आटोपतं. ते नैसर्गिक आहे, एक-दोन वेळा झाल्यानं काही बिघडत नाही.

पण तरुण कोंबडा दिवसातून कितीतरी वेळा चढतो. सकाळी खुराडं उघडल्यावर आणि दिवस मावळायच्या आधी याचा जोर जास्त असतो. कोंबड्या कमी आणि कोंबडे जास्त असतील तर त्याच त्या कोंबडीवर सारखा भार येतो. मग असं होत जातं:

– आधी पाठीची आणि शेपटीच्या बुडाची पिसं तुटतात.
– पिसांचं कवच गेलं की नख्या थेट कातडीला लागतात.
– कोंबड्याचा पाय घसरला की पंखाखाली, बरगडीच्या बाजूला कातडी उभी फाटते.
– जुन्या कोंबड्याच्या पायामागचा काटा लांब आणि टोकदार असतो. त्याची जखम खोल जाते.

यातली पंखाखालची जखम सगळ्यात फसवी. वर पिसं असतात म्हणून ती दिसत नाही. कोंबडी नुसती मलूल दिसते, कोपऱ्यात बसते, दाण्याला येत नाही, अंडी बंद करते. घरच्यांना वाटतं मानमोडी आली. दोन-तीन दिवसांनी वास येतो, तेव्हा जखमेत किडे पडलेले असतात. पावसाळ्यात माश्या जास्त असल्यानं हे फार लवकर होतं.

*२) आपल्याकडं हा त्रास जास्त का दिसतो?*

*पहिलं कारण – मिश्र पिल्लं.* आपण एक दिवसाची पिल्लं आणतो तेव्हा नर-मादी वेगळे केलेले नसतात. १०० पिल्लं आणली की साधारण निम्मे नर निघतात. ते वेळेत विकले नाहीत तर चार-पाच महिन्यांनी खुराड्यात जेवढ्या तलंगा तेवढेच कोंबडे होतात. त्यात नर आधी वयात येतात. तलंग अंड्यावर यायच्या आधीच तिच्यामागं तीन-चार कोंबडे लागतात.

*दुसरं कारण – आखाड आणि यात्रा.* चांगला भाव मिळेल म्हणून आपण कोंबडे राखून ठेवतो. त्यात चूक काही नाही. पण ते कोंबड्यांमध्येच राखले तर त्या दोन-तीन महिन्यांत कोंबड्यांचे हाल होतात.

*तिसरं कारण – बिबट्या.* आपल्या दोन्ही तालुक्यांत ऊस आणि बिबट्या दोन्ही घराला लागून आहेत. त्यामुळं दिवस मावळायच्या आत सगळी कोंबडी कोंडायची आणि चांगलं उजाडल्यावर सोडायची, हे बरोबरच आहे. पण छोट्या खुराड्यात सगळी एकत्र असली की संध्याकाळी आणि पहाटे कोंबडीला पळायला जागा राहत नाही.

*चौथं कारण – अंगापिंडाचा फरक.* गिरिराज, वनराज यांचे कोंबडे चांगले तीन किलोच्या पुढं जातात. आपली गावरान कोंबडी सव्वा ते दीड किलोची. दुपटीहून जास्त वजन तिच्या पाठीवर येतं. गावरान कोंबड्यांमध्ये शक्यतो गावरान कोंबडाच ठेवा.

*३) नक्की कोंबड्यामुळंच आहे का? असं ओळखा*

पिसं जाण्याची कारणं वेगवेगळी असतात. अंधार पडल्यावर कोंबडी शांत असते, तेव्हा मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात एकेक कोंबडी हातात घेऊन बघा.

– *कोंबड्याची इजा:* पाठ, शेपटीचं बूड, मानेची मागची बाजू. पिसं मधूनच तुटलेली, खुंट राहिलेले. पंखाखाली ओरखडे. ठराविक दोन-तीन कोंबड्यांनाच त्रास, कोंबड्याचं अंग मात्र चकचकीत.
– *पिसं झडण्याचा हंगाम:* पिसं मुळापासून गळतात, डोकं-मानेपासून सुरुवात होते, खाली नवीन पिसांचे कोंब दिसतात. जखम नसते. या काळात अंडी कमी होणारच.
– *उवा, गोचीड, लाल पिसवा:* अंडी देण्याच्या जागेभोवती आणि पंखाखाली पिसांच्या बुडाशी अंडी किंवा किडे दिसतात. कोंबडी सारखी खाजवते. कोंबड्याच्या अंगावरही सापडतात.
– *एकमेकींना टोचणं:* शेपटीजवळ आणि गुदाजवळ रक्त. दाटी, कमी दाणा-पाणी किंवा प्रथिनं कमी असली की हे होतं.

⚠️ *महत्त्वाचं:* "किडा असेल" असं समजून टोमॅटो, द्राक्ष किंवा कांद्यावर मारायचं कीटकनाशक कोंबडीवर फवारू नका, त्यात बुडवू तर अजिबात नका. उघड्या जखमेतून ते विष थेट अंगात जातं, कोंबडी मरते. शिवाय तिची अंडी घरची लेकरं खातात. रॉकेल आणि जळकं ऑईलही नको.

*४) जखमी कोंबडी सापडली तर*

(अ) तिला लगेच वेगळी करा. बाकीच्या कोंबड्या लाल जखमेला टोचतात, रक्त दिसलं की जास्तच. टोमॅटोची दोन कॅरेट एकमेकांवर पालथी बांधली तरी दोन-चार दिवसांची सोय होते. खाली कोरडा भुसा टाका. रात्री मात्र ते पक्क्या खोलीत ठेवा.

(आ) १ लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाचे साधारण दीड सपाट चमचे मीठ विरघळवा. त्या पाण्यानं जखम हळूहळू धुवा. चिकटलेली पिसं कात्रीनं कापा, ओढू नका.

(इ) पोव्हिडोन आयोडीन औषध पाण्यात फिक्या चहाच्या रंगाचं करून लावा किंवा त्याचंच मलम पातळ लावा. दिवसातून दोन वेळा. हळद लावायची असेल तर जखम धुतल्यावरच. राख, चुना, मिरची, शेण यातलं काहीही जखमेत भरू नका.

(ई) दाणा-पाणी तिच्याजवळ ठेवा. पाणी पिते का ते बघा. पाणी सोडलेली कोंबडी लवकर खचते.

(उ) *डॉक्टरांना कधी बोलवायचं?* कातडी फाटून आतलं मांस दिसत असेल, किडे पडले असतील, वास येत असेल किंवा कोंबडी उभी राहत नसेल तर घरगुती उपाय करत बसू नका. ताजी फाटलेली कातडी डॉक्टर टाके घालून जोडू शकतात, पण त्यासाठी त्याच दिवशी दाखवावी लागते. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा *१९६२* या टोल फ्री नंबरवर फोन करा.

(ऊ) प्रतिजैविक (अँटिबायोटिक) मेडिकलमधून आपल्या मनानं आणून देऊ नका. डॉक्टरांनी दिलं तर ते सांगतील तेवढे दिवस त्या कोंबडीची अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत.

जखम पूर्ण भरून कोरडी झाल्याशिवाय कोंबडीला परत कोंबड्यात सोडू नका.

*५) मुख्य उपाय – कोंबड्यांचा हिशोब*

आपल्याकडं एक समज पक्का आहे: "कोंबडा नसला तर कोंबडी अंडी देणार नाही." *हे खरं नाही.* कोंबडी कोंबड्याशिवाय तेवढीच अंडी देते. मोठ्या लेअर फार्मवर हजारो कोंबड्या असतात, तिथं एकही कोंबडा नसतो. कोंबडा लागतो तो फक्त पिल्लं काढायला.

म्हणजे अंडी विकणं किंवा घरी खाणं एवढाच उद्देश असेल तर कोंबड्याची गरजच नाही. पिल्लं काढायची असतील तरी हिशोब असा ठेवा:

– १० कोंबड्यांपर्यंत: १ कोंबडा
– २५ कोंबड्या: ३ कोंबडे
– ५० कोंबड्या: ५ ते ६ कोंबडे

पशुसंवर्धन विभागाच्या तलंगा गट वाटपाच्या योजनेतही २५ माद्यांमागं ३ नर असंच प्रमाण धरलेलं आहे.

आता एक उदाहरण. समजा एका घरी १४ कोंबड्या आणि ५ कोंबडे आहेत. म्हणजे एका कोंबड्यामागं तीन कोंबड्यासुद्धा नाहीत. त्यात मोठा कोंबडा लहान कोंबड्यांना हाकलतो. मग लहान कोंबडे संधी मिळेल तशी कोंबडी पकडतात. एकानं सोडली की दुसरा धरतो. या घरी पिल्लांसाठी १ कोंबडा पुरतो, फार तर २. उरलेले तीन-चार कोंबडे रोज दाणा मात्र खातात. बांधून ठेवून पूर्ण खाद्यावर पाळला तर एक मोठा कोंबडा दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास खातो. ४ कोंबड्यांचं महिन्याला १२ किलो झालं. भावासाठी थांबताना हा खर्च आणि जखमी कोंबडीची बुडालेली अंडी दोन्ही धरा. बऱ्याच वेळा आजचा भावच परवडतो.

*कोणता कोंबडा ठेवायचा?* फक्त तुरा आणि रंग बघू नका, दोन दिवस त्याचं वागणं बघा. चांगला कोंबडा दाणा सापडला की आवाज देऊन कोंबड्यांना बोलावतो, एक पंख खाली पाडून कोंबडीभोवती फेर धरतो, ती खाली बसली तरच चढतो. दुसऱ्या प्रकारचा कोंबडा पळत जाऊन मागून पकडतो, कोंबडी ओरडली तरी सोडत नाही. असा कोंबडा कितीही देखणा असला तरी पैदाशीला ठेवू नका, आधी तोच विका.

*नर लवकर ओळखा.* सहा ते आठ आठवड्यांत नराचा तुरा मोठा आणि लाल व्हायला लागतो, पाय जाड दिसतात. तीन महिन्यांच्या सुमारास मानेवर आणि कमरेवर लांब, टोकदार, चमकदार पिसं येतात. याच वयात नर बाजूला काढा.

*६) कोंबडे राखायचेच असतील तर*

आखाडासाठी किंवा यात्रेसाठी कोंबडे ठेवायचे असतील तर सगळे नर एकत्र, पण कोंबड्यांपासून लांब ठेवा. लहानपणापासून एकत्र वाढलेले कोंबडे कोंबडी समोर नसली की फार भांडत नाहीत. त्यांना कोंबड्या दिसणार नाहीत अशी जागा बघा, नाहीतर मध्ये गोणपाट लावा.

पायाला दोरी बांधून अंगणात कोंबडा ठेवायची पद्धत सोडा. पाय सुजतो, आणि कुत्रं, मुंगूस किंवा बिबट्या आला तर त्याला पळताही येत नाही. नरांचं खुराडंही पक्क्या जाळीचं, वरून बंद आणि रात्री कडी लावलेलं हवं.

*७) पिल्लं पण हवीत आणि कोंबड्या पण जपायच्या*

कोंबडा एकदा लागला की पुढचे आठ-दहा दिवस कोंबडीची अंडी फळतात, कारण नराचं बीज तिच्या पोटात तेवढे दिवस जिवंत राहतं. त्यामुळं कोंबडा बारा महिने बरोबर ठेवायची गरज नाही. असं करा:

– खुडूक कोंबडी बसवायच्या साधारण १० दिवस आधी कोंबडा सोडा.
– पहिल्या तीन दिवसांची अंडी खायला किंवा विकायला.
– चौथ्या ते दहाव्या दिवसाची अंडी बसवायला राखा. निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवा. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नका.
– कोंबडा परत वेगळा काढा.
– एका खुडूक कोंबडीखाली १० ते १२ अंडी. २१ दिवसांत पिल्लं.

पाच-सहाच कोंबड्या असतील तर शेजारच्या घरात मिळून एक चांगला कोंबडा ठेवला तरी चालतं. मात्र एका घरी मर चालू असेल तेव्हा कोंबडा इकडून तिकडं नेऊ नका, रोग त्याच्याबरोबर येतो. मानमोडी आणि देवीची लस वेळेवर द्या.

*८) कोंबडीला झूल*

कोंबड्याची एखादी आवडती कोंबडी असतेच. प्रमाण बरोबर असलं तरी तिची पाठ उघडी पडते. अशा कोंबडीला पोळ्याच्या बैलासारखी छोटी झूल शिवता येते. जुन्या जीन पँटचं कापड यासाठी उत्तम.

– दीड-दोन किलोच्या कोंबडीला लांबी साधारण २० सेंमी, रुंदी १५ सेंमी. मानेकडची बाजू थोडी निमुळती ठेवा.
– कापड दुहेरी करून कडा शिवा. सुटे धागे ठेवू नका, पायात अडकतात.
– मानेकडच्या टोकापासून दोन्ही बाजूंच्या मध्यापर्यंत इलॅस्टिकचे दोन फास शिवा. एकेका फासातून एकेक पंख बाहेर काढायचा.
– झूल आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पंख हलले पाहिजेत, शेपटी वर झाली पाहिजे.

झूल उघड्या जखमेवर घालू नका. आधी जखम भरू द्या. दर दोन दिवसांनी काढून खाली उवा, ओल किंवा घासल्याची खूण आहे का बघा. पावसात भिजली तर लगेच काढा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी सावलीची सोय असेल तरच ठेवा.

*९) नख्या आणि काटा बोथट करा*

ठेवलेल्या कोंबड्याच्या नख्यांची आणि पायामागच्या काट्याची टोकं महिना-दोन महिन्यांतून एकदा घासा. संध्याकाळी एकानं कोंबडा कापडात गुंडाळून धरावा, दुसऱ्यानं बारीक कानशीनं फक्त टोक गोल करावं.

काटा मुळातून कापायचा नाही, पिरगळून तर काढायचाच नाही. त्याच्या आत हाड आणि रक्त असतं. घासताना थोडं रक्त आलंच तर तुरटीची पूड दाबून धरा. चोच कापू नका, कोंबड्याला दाणा टिपता येत नाही.

*१०) जागा आणि खाणं*

– रात्रीच्या खुराड्यात एका कोंबडीला किमान दीड ते दोन चौरस फूट जागा द्या. बसायला आडवा बांबू, एकीला साधारण २० ते २५ सेंमी. टोमॅटोचे जुने बांबू कामाला येतात.
– खुराड्यात जाळीचा आडपडदा टाकून कोंबडा रात्री एका बाजूला ठेवा. सकाळी आधी कोंबड्या सोडा, अर्ध्या तासानं कोंबडा.
– अंगणात पालथी कॅरेट, काट्याकुट्यांचे ढीग, कांदाचाळीखालची जागा असे आडोसे ठेवा. कोंबडीला लपता आलं पाहिजे.
– दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. एकाच ठिकाणी ठेवलं की कोंबडा तिथंच अडवतो.
– पिसं बहुतांशी प्रथिनांचीच बनलेली असतात. फक्त मका, बाजरीवर पिसं भरत नाहीत. लेअर खाद्य, शेंगदाणा पेंड, अझोला द्या. सोयाबीन कच्चं देऊ नका, भाजून भरडून थोडं द्या.

एक लक्षात ठेवा: मुळापासून उपटलेलं पीस काही आठवड्यांत परत येतं, पण मधून तुटलेलं पीस पुढच्या झडण्याच्या हंगामापर्यंत तसंच राहतं. त्यामुळं कोंबडा वेगळा केल्यावरही पाठ लगेच भरली नाही तर घाबरू नका. कातडी लाल नाही, जखम नाही आणि कोंबडी खाते-फिरते, म्हणजे ती सुधारते आहे.

*आज संध्याकाळी एवढं करा*

✅ कोंबड्या कोंडताना कोंबडे आणि कोंबड्या मोजा.
✅ प्रत्येक कोंबडीचा पंख उचलून दोन्ही बाजू बघा.
✅ जखमी कोंबडी वेगळी करा.
✅ जास्तीचे कोंबडे कोणते ते ठरवा. विकायचे असतील तर येत्या बाजाराला, राखायचे असतील तर उद्यापासून वेगळ्या खुराड्यात.

शंका असेल तर पाठ आणि पंखाखालची बाजू, दोन्हींचा उजेडात काढलेला फोटो ग्रुपवर टाका. सोबत तीन गोष्टी लिहा: कोंबड्या किती, कोंबडे किती, त्रास किती दिवसांपासून. एवढं कळलं की उत्तर लवकर देता येतं.

घरात दहा कोंबड्या नीट अंड्यावर असल्या की मीठ-मिरचीपासून शाळेच्या वहीपर्यंतचा खर्च कुणापुढं हात न पसरता निघतो. जास्तीच्या दोन कोंबड्यांपायी त्या दहा कोंबड्या खराब करू नका.


– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी